उलुरूच्या अंगणात

ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर बरोबर मध्यभागी बोट ठेवले, तर ते ॲलिस स्प्रिंग्ज या गावाच्या आसपास पडेल. या गावाहून नैर्ऋत्य दिशेस मोटारीने निघालेल्या प्रवाशाला सुमारे साडेचारशे किलोमीटरपर्यंत लाल वाळू, काटेरी गवताचे झुपके आणि मल्गा नावाची खुरटी झाडे यांवाचून फारसे काही दिसत नाही. वाटेत डाव्या हाताला सपाट माथ्याचा एक उंच डोंगर लागतो. तो दिसताच कित्येक प्रवासी आनंदाने गाडी थांबवितात आणि भराभर छायाचित्रे घेतात. परंतु तो उलुरू नव्हे. तो माउंट कॉनर. पाहुण्याची अशी फजिती या वाटेवर नित्याची झाली आहे. खरा उलुरू त्यानंतर बऱ्याच अंतराने दिसू लागतो. सपाट माळावर एकच एक प्रचंड तांबडा खडक जमिनीतून वर आलेला असतो. दुरून पाहणाऱ्याला प्रथम त्याच्या आकाराचा अंदाजच येत नाही.

हा खडक सभोवारच्या माळापासून ३४८ मीटर उंच असून त्याचा घेर ९ किलोमीटरांहून अधिक आहे. तो वाळूखडकाचा बनलेला आहे, आणि दिसतो तेवढा भाग म्हणजे जमिनीखाली खोलवर गेलेल्या थरांचे केवळ उघडे पडलेले टोक होय. एके काळी आडवे असलेले हे थर भूगर्भातील हालचालींमुळे जवळजवळ उभे झाले आहेत. खडक आतून करडा आहे. त्यातील लोहाला हवापाण्याचा संपर्क होऊन गंज चढला आणि त्यास तांबडा रंग आला. सूर्योदयी व सूर्यास्ती हा रंग क्षणाक्षणाला पालटतो. अतिप्राचीन काळी आपला भारत आणि ऑस्ट्रेलिया हे दोन्ही एकाच महाखंडाचे भाग होते. त्या महाखंडाला शास्त्रज्ञांनी ‘गोंडवन’ हे नाव दिले, ते आपल्या गोंड लोकांच्या प्रदेशावरून. म्हणजे या दूरच्या भूमीशी आपले नाते केवळ नकाशावरचे नाही.

या खडकाच्या परिसरात ज्यांचे पूर्वज हजारो वर्षे राहत आले, ते लोक स्वतःस अनंगू म्हणवितात. त्यांच्या भाषा पित्जंतजतजारा व यांकुनितजतजारा या होत. त्यांच्या जीवनाचा आधार ‘चुकुर्पा’ या एका शब्दात सामावलेला आहे. चुकुर्पा म्हणजे केवळ पुराणकथा नव्हे. सृष्टीच्या आरंभी पूर्वजांनी या भूमीवरून संचार केला आणि डोंगर, पाणवठे, गुहा यांना आकार दिला, ही त्यातील कथा आहे. पण कोणत्या झाडाचे फळ केव्हा खावे, कोणी कोणाशी विवाह करावा, कोणत्या पाणवठ्याची राखण कोणत्या घराण्याने करावी, हा कायदाही त्यातच आहे. लिपी नसलेल्या या समाजाने आपला कायदा कागदावर लिहिला नाही. तो भूमीवर लिहिलेला आहे, असे ते मानतात.

याचे एक उदाहरण त्यांनी स्वतः पाहुण्यांना सांगण्यास मोकळे ठेवले आहे. खडकाच्या दक्षिण बाजूस मुतितजुलू नावाचा पाणवठा आहे. कुनिया ही अजगराच्या रूपातील पूर्वज स्त्री आपल्या पुतण्याचा सूड घेण्यासाठी येथे आली. लिरू या विषारी सर्पांच्या टोळीने त्याला भाल्यांनी मारले होते. रागाने पेटलेल्या कुनियाने हातातील खोदकाठीने एका लिरू योद्ध्याच्या मस्तकावर घाव घातले. ते घाव म्हणजे खडकाच्या अंगावर दिसणाऱ्या दोन मोठ्या भेगा. पाहुण्यांना कथा इथपर्यंतच ऐकविली जाते. तिचे पुढील थर त्या समाजातही वय आणि अधिकार पाहूनच सांगितले जातात. काही कथा केवळ पुरुषांच्या, तर काही केवळ स्त्रियांच्या असतात. अर्धीच कथा ऐकून परतावे लागले म्हणून काही प्रवासी कुरकुरतात. त्यांना हे ठाऊक नसते, की अनंगू मुलासही त्या वयात तेवढीच कथा ऐकावयास मिळते.

गोऱ्या लोकांना हा खडक प्रथम दिसला तो १८७३ साली. विल्यम गॉस हा संशोधक उंटांचा तांडा घेऊन येथे आला आणि त्याने दक्षिण ऑस्ट्रेलियातील एक मुत्सद्दी सर हेन्री एअर्स यांचे नाव त्याला दिले. गॉसबरोबर खडकाच्या माथ्यावर चढलेला दुसरा मनुष्य त्याचा अफगाण उंटवाला होता. या वाळवंटातील सारी जुनी वाहतूक उंटांवर चाले, आणि त्यांतील बरेचसे उंट त्या वेळच्या हिंदुस्थानातून, कराची बंदरातून, जहाजाने नेलेले होते. मोटारी आल्यावर उंट मोकळे सोडण्यात आले. त्यांचे वंशज आज रानटी होऊन हजारोंच्या संख्येने हिंडतात व दुष्काळात पाणवठे पिऊन कोरडे करतात. पाहुण्याने आणलेली वस्तू यजमानाला पुढे किती काळ पुरून उरते, हे या उंटांकडे पाहिल्यावर कळते.

१९२० साली हा प्रदेश मूळ रहिवाशांसाठी राखीव म्हणून घोषित झाला होता. परंतु प्रवासाची हौस वाढली, तसा १९५८ साली खडकाचा भाग त्या राखीव क्षेत्रातून काढून राष्ट्रीय उद्यान करण्यात आला. खडकाच्या पायथ्याशीच विश्रामगृहे, तंबूंची ठाणी आणि विमानांसाठी धावपट्टी झाली. १९६४ साली चढणाऱ्यांच्या सोयीसाठी खडकात लोखंडी खांब ठोकून साखळी लावण्यात आली. ज्यांच्या घराच्या ओसरीवर हे सारे चालले होते, त्यांना मात्र कोणी विचारले नाही. उलट, प्रवाशांना त्यांचा उपद्रव होतो असे म्हणून त्यांनाच दूर ठेवण्याचे प्रयत्न झाले.

हे चित्र पालटण्यास आरंभ झाला तो उलुरूपासून दूर, उत्तरेकडील गुरांच्या एका कुरणावर. १९६६ साली वेव्ह हिल येथील गुरिंजी लोकांनी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली काम थांबविले. प्रथम ती मागणी मजुरीची वाटली. लवकरच ती जमिनीची ठरली. नऊ वर्षांनी, १९७५ साली, पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी मूठभर माती लिंगियारी यांच्या हातावर ओतून त्यांच्या भूमीचा काही भाग त्यांना परत केला. पुढील वर्षी, १९७६ मध्ये, उत्तर प्रदेशासाठी—म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ‘नॉर्दर्न टेरिटरी’साठी—भूमिहक्कांचा कायदा झाला. आज त्या प्रांतातील जवळजवळ निम्मी जमीन मूळ रहिवाशांच्या मालकीची आहे. ती विकता येत नाही, आणि तिच्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी परवानगी मागावी लागते.

उलुरू २६ ऑक्टोबर १९८५ रोजी अनंगूंना परत मिळाला. गव्हर्नर-जनरल सर निनियन स्टीफन यांनी मालकीचा दस्तऐवज त्यांच्या स्वाधीन केला, आणि त्याच समारंभात अनंगूंनी ती भूमी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला दिली. उद्यानाचा कारभार पाहणाऱ्या मंडळात १२ सभासद असून त्यांतील ८ अनंगू असतात. प्रवेशशुल्काचा चौथा हिस्सा त्यांच्या समाजाकडे जातो. पायथ्याची विश्रामगृहे तत्पूर्वीच उठवून उद्यानाच्या सीमेबाहेर युलारा नावाचे नवे गाव वसविले होते. आज उद्यानाच्या हद्दीत कोणासही तंबू ठोकून राहता येत नाही. रात्रीचा मुक्काम युलाऱ्यात करावा लागतो. उद्यानातच मुतितजुलू नावाची अनंगूंची वस्ती आहे. तीही पाहुण्यांसाठी खुली नाही, कारण ती लोकांची घरे आहेत.

एक गोष्ट मात्र त्या समारंभात अनंगूंच्या मनासारखी झाली नाही. खडकावर चढणे बंद व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. तसे आश्वासनही देण्यात आले होते. परंतु भाडेपट्टा करते वेळी चढण चालू ठेवण्याची अट त्यांना मान्य करावी लागली. चढणीची वाट नेमकी त्या मार्गाने जात होती, ज्या मार्गाने चुकुर्पाच्या कथेतील माला पुरुष प्रथम उलुरूवर चढले. माला हा सशासारखा दिसणारा लहानसा कांगारू-जातीचा प्राणी. अनंगू स्वतः त्या वाटेने चढत नाहीत. पुढे पायथ्याशी निरनिराळ्या भाषांतून फलक लावण्यात आले. ‘चढू नका’ अशी आज्ञा त्यांवर नव्हती. ‘कृपा करून चढू नये’ अशी विनंती होती. फलकाजवळून जाणारी माणसांची रांग दुरून मुंग्यांसारखी दिसे. अनंगू पाहुण्यांना ‘मिंगा’ म्हणतात. मिंगा म्हणजे मुंगी.

यात श्रद्धेचा प्रश्न होताच. पण त्याहून निराळी अशी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात आली नाही. अनंगूंच्या कायद्याप्रमाणे आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी यजमानावर असते. चढण अत्यंत उभी होती. ऊन, वारा आणि हृदयावरील ताण यांमुळे गेल्या शतकाच्या मध्यापासून किमान ३७ माणसे तेथे मृत्यू पावली. प्रत्येक मृत्यूबरोबर अनंगूंना शोक होई. ज्याचे नावही ठाऊक नाही अशा परदेशीय माणसासाठी हा शोक का, असे कोणी विचारील. परंतु तो मनुष्य आपल्या अंगणात मेला, ही भावना त्यांना पुरेशी होती. शिवाय माथ्यावर शौचालय नव्हते. चढणारे तेथे काय करीत ते सांगण्याची गरज नाही. पावसाचे पाणी ती सारी घाण घेऊन खाली उतरे आणि ज्या पाणवठ्यांवर पशुपक्ष्यांचे जीवन अवलंबून असते, त्यांत मिसळे.

२०१० च्या सुमारास असे ठरले, की चढणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २० च्या खाली आले म्हणजे चढण कायमची बंद करावी. विनंतीचा परिणाम सावकाश, पण निश्चित होत गेला. तीस वर्षांत बहुसंख्य पाहुण्यांनी आपण होऊन चढणे सोडले होते. १ नोव्हेंबर २०१७ रोजी व्यवस्थापन मंडळाने एकमताने निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून, म्हणजे भूमी परत मिळाल्याला बरोबर ३४ वर्षे झाली त्या दिवसापासून, चढण बंद झाली. शेवटच्या काही आठवड्यांत मात्र ‘पुन्हा संधी नाही’ या विचाराने मोठी गर्दी लोटली होती. नंतर साखळी काढून टाकण्यात आली. अजूनही खडकावर घासून गेलेली पांढुरकी रेघ दुरून दिसते. लाखो पावलांनी गंजाचा थर झिजविला आहे.

आज उलुरू पाहावयाचा तो भोवती फिरून. पायथ्याची संपूर्ण प्रदक्षिणा सुमारे १० किलोमीटरांची आहे. उन्हाळ्यात ती सकाळी ११ पूर्वी पुरी करावी असे सांगितले जाते, कारण त्यानंतर उष्णता ४० अंशांच्या पलीकडे जाऊ शकते. दर तासाला माणशी एक लिटर पाणी जवळ असावे लागते. वाटेवर काही जागी छायाचित्र न घेण्याची सूचना असते. त्या जागांची चित्रे बाहेर गेली, तर ज्यांनी ती पाहू नयेत अशा व्यक्तींच्या—पुरुषांच्या जागा स्त्रियांच्या, स्त्रियांच्या जागा पुरुषांच्या—दृष्टीस त्या पडतील, ही अनंगूंची चिंता असते. पाणवठ्यात पोहणे तर दूरच, हातपाय धुणेही वर्ज्य आहे.

उलुरूच्या पश्चिमेस काता त्जुता नावाचे गोल घुमटांसारखे डोंगर आहेत. ते ओलांडून पश्चिमेकडे जो कच्चा रस्ता जातो, त्यावर प्रवाशाची खरी परीक्षा होते. ‘ग्रेट सेंट्रल रोड’ या नावाचा हा रस्ता युलाऱ्यापासून पश्चिम ऑस्ट्रेलियातील लॅव्हर्टनपर्यंत सुमारे ११०० किलोमीटर लांब आहे. बहुतेक सारा मार्ग मूळ रहिवाशांच्या भूमीवरून जात असल्यामुळे त्यासाठी आगाऊ परवाने लागतात. आणि रस्ता दोन प्रांतांतून जात असल्यामुळे प्रत्येक प्रांताचा परवाना निराळा. परवाना रस्त्यापुरता असतो. त्याच्या आधारे वाटेल त्या आडवाटेला गाडी वळविता येत नाही, की वाटेल त्या वस्तीत शिरता येत नाही. एखाद्या वस्तीत कोणी वारले असेल, तर तेथे आपल्याकडील सुतकासारखा शोकाचा काळ पाळला जातो. तशा वेळी ती वस्ती, प्रसंगी रस्त्याचा तुकडाही, परक्यांसाठी बंद होतो. मृताचे नाव उच्चारीत नाहीत, त्याचे छायाचित्र झाकून ठेवतात. अशा समयी ‘आमच्याजवळ परवाना आहे’ हे सांगण्यात अर्थ नसतो. गाडी वळवून माघारी जावे, हेच उचित.

या भागातील बहुतेक वस्त्यांत मद्य नेण्यास बंदी आहे, आणि ही बंदी वस्त्यांनी पुष्कळ ठिकाणी स्वतः मागून घेतलेली आहे. पेट्रोलविषयीही येथे निराळा नियम आढळतो. काही तरुण मुलांना पेट्रोलचा वास हुंगण्याचे घातक व्यसन जडले होते. त्यात मेंदू निकामी होऊन कित्येक मुले दगावली. २००५ पासून तेथे ‘ओपल’ नावाचे, हुंगले तरी नशा न आणणारे पेट्रोल विकले जाऊ लागले. गाडीला ते नीट चालते. तरीही बाहेरून डब्यांत साधे पेट्रोल भरून नेणारा प्रवासी निघतोच; आपल्या सोयीचा तो डबा रात्री तंबूबाहेर ठेवला, तर काय होऊ शकते याची त्याला कल्पना नसते.

मुक्कामाची जागा निवडण्यातही ज्ञान लागते. थकलेल्या माणसाला पाणवठ्याकाठची सावली खुणावते, परंतु तेथे तंबू ठोकणे म्हणजे रात्रभर तहानलेल्या प्राण्यांची वाट अडविणे होय. माणसाचा वास आला, की कांगारू आणि पक्षी पाण्यापासून दूरच थांबतात. वाळवंटात एक रात्र पाण्यावाचून काढणे त्यांना जिवावरचे ठरू शकते. म्हणून मुक्काम पाण्यापासून पुष्कळ अंतरावर, आधीच कोणी मुक्काम केलेल्या उघड्या जागी करावा. साबण पाण्यात जाऊ देऊ नये. शौचासाठी खोल खड्डा खणून तो बुजवावा, आणि केरकचरा परत गाडीत भरून न्यावा, कारण तो उचलणारे तेथे दुसरे कोणी नाही. मल्ग्याचे वाळलेले लाकूड उत्तम जळते, पण ते झाड अतिशय सावकाश वाढते आणि त्याच्या पोकळ खोडांत सरडे व लहान प्राणी राहतात. त्यामुळे शेकोटी लहान, आणि जेथे परवानगी असेल तेथेच.

आगीच्या बाबतीत तर हा प्रदेश मोठा चमत्कारिक आहे. येथील स्पिनिफेक्स गवतात राळ असते. ते ओलसर असतानाही भडकते. अनंगूंचे पूर्वज थंडीच्या दिवसांत लहान लहान पट्टे मुद्दाम जाळीत. त्यामुळे उन्हाळ्यात वणवा लागला, तरी जळलेल्या पट्ट्यापाशी येऊन थांबे. हे ज्ञान बाजूला सारले गेले, तेव्हा गवत माजले, आणि १९७६ च्या वणव्यांत उद्यानाचा फार मोठा भाग जळून गेला. त्यानंतर उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी अनंगू वृद्धांकडून पट्टे जाळण्याची ती पद्धत पुन्हा समजून घेतली. ज्या माला प्राण्याची कथा वर आली, तो वणवे व बाहेरून आलेली मांजरे-कोल्हे यांमुळे या परिसरातून नाहीसा झाला होता. २००५ साली १७० हेक्टरांच्या कुंपणात काही माला आणून सोडण्यात आले. त्या दिवशी वृद्ध अनंगूंना जो आनंद झाला असेल, त्याची कल्पना करता येते: कथेतले पूर्वज घरी परत आले होते.

या रस्त्यावर निष्काळजीपणाला क्षमा नाही. गाडी बिघडली तर गाडी सोडून पायी निघू नये, हा पहिला नियम. दुरून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. सोन्याच्या शोधात आलेला हॅरल्ड लॅसेटर याचे उंट या भागात उधळून पळाले. त्याने एका गुहेत आश्रय घेतला, अखेरीस पायी निघाला आणि १९३१ च्या जानेवारीत उपासमारीने मरण पावला. ती गुहा आजही रस्त्याच्या कडेला दाखविली जाते. पाऊस पडला तर रस्ता बंद करतात. ओल्या मातीत चाके घालणारा केवळ स्वतः रुतत नाही, तर वस्त्यांना अन्न व औषधे पुरविणारा एकुलता एक मार्ग उखडून ठेवतो.

दूर उत्तरेस, समुद्रकाठच्या काकाडू उद्यानात, हीच शिस्त निराळ्या रूपाने भेटते. तेथे वर्षाचे चार नव्हे, सहा ऋतू मानतात, आणि नद्यांत प्रचंड खाऱ्या पाण्यातील मगरी असतात. पण मगरींहूनही अवघड प्रश्न तेथे पायवाटेने निर्माण केला. गुनलोम धबधब्याजवळ उद्यानाच्याच व्यवस्थापनाने २०१९ साली बांधलेली पायवाट एका पवित्र स्थळाच्या फार जवळून गेली. जावोयन लोकांनी हरकत घेतली, धबधब्याचा माथा पाहुण्यांसाठी बंद झाला, आणि खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. पवित्र स्थळांचा कायदा सरकारी उद्यान-संचालकासही लागू होतो, असा निवाडा न्यायालयाने २०२४ साली दिला.

उलुरूच्या उद्यान-कार्यालयात टपालाने वारंवार लहानमोठी पार्सले येतात. आत खडकाचा तुकडा किंवा मूठभर तांबडी वाळू असते आणि बरोबर एखादे पत्र. कोणी आठवण म्हणून दगड खिशात घालून नेलेला असतो, कोणाच्या वडिलांनी अनेक वर्षांपूर्वी नेलेला असतो. कोणी लिहितो, की दगड घरी आल्यापासून संकटे ओढवली, तर कोणी एवढेच लिहितो, की तो घ्यावयास नको होता. कर्मचाऱ्यांनी अशा दगडांना नाव दिले आहे ‘क्षमेचे दगड’. परंतु आलेला तुकडा नेमका कोठून उचलला गेला होता, हे पत्रात बहुधा लिहिलेले नसते. प्रत्येक जागेला तेथे निराळी कथा आहे. चुकीच्या जागी ठेवलेला दगड कोणत्याच कथेत बसत नाही. म्हणून ते दगड खडकापाशी परत न जाता बाजूला एकत्र ठेवलेले असतात, आणि त्यांत दरवर्षी भर पडत असते.